आठ महिने शेवंतीचा चहा पिऊन झाल्यावर

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला जिची वेणी घालायची, ती शेवंती. ती वाळवून गरम पाण्यात टाकतात आणि पितात, हे हाँगकाँगला राहायला येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात सुरू केलं, आता जून उलटत आला. मधले तीन आठवडे सोडले (ते का, ते पुढे सांगते) तर रोज संध्याकाळी एक मोठा ग्लास पोटात गेला आहे. एवढ्या दिवसांनंतर बोलायला हरकत नसावी.

सुरुवात डोळ्यांवरून झाली. माझं काम हिशेबाचं, दिवसाचे नऊ तास दोन स्क्रीनसमोर. चार वाजले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. आमच्याच मजल्यावर एक कॅन्टोनीज आजी राहतात. लिफ्टमध्ये माझे लाल डोळे बघून त्या म्हणाल्या, ‘यीत हेय.’ मग हातांनी कपात फूल टाकून पिण्याचा अभिनय करून दाखवला.

यीत हेय म्हणजे शब्दशः गरम वायू, पण खरा अर्थ आपल्याला भाषांतराशिवाय कळतो: उष्णता झाली. तळलेलं खाल्लं, जागरण झालं, तोंड आलं, घसा बसला, पुटकुळी उठली, सगळं यीत हेय. लिची तर इतकी उष्ण की एक घास म्हणजे आगीचे तीन पलिते, अशी इथे म्हणच आहे. आंबे खाऊन गळू झालं की आमच्या साताऱ्याच्या घरात सब्जाचं पाणी नाहीतर धण्या-जिऱ्याचं पाणी पुढे यायचं. इथे त्या जागी लेउंग चा, म्हणजे थंड चहा. थंड तो गुणाने, प्यायचा बऱ्याचदा गरमच. दक्षिण चीनमधला ग्वांगडाँग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव या भागाची ही खास परंपरा आणि 2006 साली चीनने ती अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली. रस्त्यावरच्या दुकानांत पितळी भांड्यांतून वाडग्यात ओतून देतात. त्यातला ‘या सेइ मेय’ म्हणजे चोवीस चवींचा चहा मी एकदाच प्यायले. चोवीसपैकी चोवीस चवी कडू. किराइताचा काढा त्यापुढे सरबत वाटेल.

शेवंतीचा चहा, गुक फा चा, हा या कुटुंबातला सगळ्यात गुणी मुलगा. कडू नाही, लहान मुलंही पितात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेननोंग या दंतकथेतल्या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधीग्रंथात शेवंती वरच्या वर्गात आहे, म्हणजे जे रोज घेतलं तरी चालतं त्या गटात. चिनी वैद्यकात तिचं काम वारा आणि उष्णता घालवणं, यकृत शांत करणं आणि डोळे स्वच्छ ठेवणं. यकृत आणि डोळे यांचं नातं तिथे पक्कं मानतात, म्हणून डोळ्यांच्या तक्रारीला यकृताचं औषध. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी चोंगयांगचा सण असतो, त्या दिवशी शेवंतीची दारू प्यायची जुनी रीत होती. इथे हाँगकाँगमध्ये त्या दिवशी सुट्टी असते आणि लोक डोंगरावर पूर्वजांच्या थडग्यांकडे जातात. मी नेमकी त्याच आठवड्यात चहाच्या मागे लागले.

पहिली खरेदी फसली. घराजवळच्या एका दुकानातून सुंदर पांढऱ्या फुलांचं पाकीट आणलं. झाकण उघडलं तर नाकात आंबूस, झोंबणारा वास. फटाके उडवल्यावर अंगणात राहतो तसा. आजींनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. फुलं पांढरी राहावीत, कीड लागू नये म्हणून गंधकाची धुरी देतात, त्याचा तो वास. पाकीट कचऱ्यात गेलं. तेव्हापासून माझा नियम असा की फूल जरा पिवळट, मळकट दिसलं तर चालेल, फार गोरं नको.

मग हाँगकाँगच्याच शेउंग वान भागातल्या कोशिंग स्ट्रीटवर गेले. ही औषधींच्या घाऊक दुकानांची गल्ली, पोत्यांतून मुळ्या, साली, फुलं. इथे अजून लेउंग या जुन्या वजनात तोलतात (थंड चहातला लेउंग वेगळा). हाँगकाँगचा एक लेउंग म्हणजे 37.8 ग्रॅम, मुख्य चीनमधला 50 ग्रॅमचा, त्यामुळे भावाची तुलना करताना माझ्यासारखीची गल्लत होते. चार लेउंग घेतले. रोज आठ-दहा फुलं, घरच्या काट्यावर साधारण दोन ग्रॅम, या हिशेबाने अडीच महिने पुरले. चिनी औषधकोशात शेवंतीची मात्रा 5 ते 10 ग्रॅम दिली आहे. तेव्हा मी पिते ते औषध म्हणायला थोडं कमीच.

जातींबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण चवीत फरक पडतो. हांगबायजू ही झेजियांगमधल्या तोंगशियांगची. फुलं वाफवून मग वाळवतात, त्यामुळे चपटी, एकमेकांना चिकटलेली असतात. पाण्यात टाकली की दोन मिनिटांत पाकळ्या अशा उलगडतात की ग्लास काचेचाच घ्यावासा वाटतो. चव गोडसर, किंचित मधासारखी. गोंगजू आनहुईमधल्या हुआंगशानची, नावातच ‘नजराणा’ आहे. ती लहान, गच्च, दिसायला देखणी, पण मला थोडी फिकी वाटली. ताइजू म्हणजे न उमललेल्या कळ्या. महाग, वास जास्त, आणि पाहुणे आले की काढायच्या. रानशेवंती म्हणून छोटी पिवळी फुलं मिळतात, ती वेगळीच वनस्पती आणि चांगलीच कडू. चहा म्हणून ती घेऊन फसू नका.

कृती फार नाही. फुलं एकदा गरम पाण्याने धुऊन ते पाणी ओतून टाकायचं, मग उकळी येऊन जरा निवलेलं पाणी घालून पाच मिनिटं झाकण. त्याच फुलांवर दोनदा पाणी ओतलं तरी चव राहते, तिसऱ्यांदा नुसता रंग. खडीसाखर घालायची पद्धत आहे, मी घालत नाही. दुकानात कागदी खोक्यातून तयार शेवंती चहा मिळतो, तो साखरेचं पाणी समजून प्यावा. दिम-सम (वाफवलेले छोटे कॅन्टोनीज पदार्थ) खायला गेलात तर ‘गुक पोउ’ मागवून बघा, पुअर नावाच्या काळ्या, आंबवलेल्या चहात शेवंती. तेलकट खाण्यावर तो फार छान लागतो.

आता मुख्य प्रश्न. डोळे सुधारले का? चष्म्याचा नंबर जिथे होता तिथेच आहे. कोरडेपणा कमी झाला, पण त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, स्क्रीनची उंची खाली करायला लावली आणि पापण्या मिटायची आठवण म्हणून गजर लावायला सांगितला. श्रेय कुणाला द्यायचं? प्रामाणिकपणे, थेंबांना. शेवंतीत ल्युटिओलिन, एपिजेनिन, क्लोरोजेनिक आम्ल अशी द्रव्यं आहेत, पण त्यांच्यावरचं बरंचसं काम प्रयोगशाळेतलं आणि उंदरांवरचं. त्यावरून ‘नजर तेज होते’ असं पाकिटावर छापणं म्हणजे अतीच.

मला फायदा झाला तो दुसरीकडे. संध्याकाळचा पाच वाजताचा आणि सातचा, असे दोन दुधाचे चहे गेले. शेवंतीत कॅफीन नाही, त्यामुळे झोप लवकर लागते. चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं गेली. एवढ्यावर मी खूश आहे.

आता ते तीन आठवडे. जानेवारीत आजींनी मिश्रण सुचवलं: शेवंती, गोजी बेरी (लहान लाल सुकी फळं) आणि ज्वेमिंगझी नावाच्या बिया. गोजी घालायची जोडी इथे जुनीच आहे, चव छान येते. ज्वेमिंगझी मात्र मी उत्साहात मूठभर भाजून घातल्या. पोट दोन दिवस जागेवर नव्हतं. शोधल्यावर कळलं, या टाकळ्याच्या आणि त्याच्या सख्ख्या भावाच्या बिया! पहिल्या पावसात कोकणात ज्याची भाजी करतो तोच टाकळा. बिया सौम्य रेचक आहेत, आजींना बद्धकोष्ठ, म्हणून त्यांना मानवतात. मला गरज नव्हती. पोट बिघडल्यावर मी सगळंच थांबवलं आणि फेब्रुवारीत फक्त फुलांवर परत आले. गोजी अधूनमधून.

मार्चमध्ये सासूबाई आल्या होत्या. ग्लासात तरंगणारी फुलं बघून म्हणाल्या, ‘अगं, देवाचं निर्माल्य पितेस की काय?’ मी त्यांनाही करून देणार होते, पण दोन गोष्टींनी थांबले. एक, त्या वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेतात आणि गोजीमुळे रक्त जास्त पातळ झाल्याच्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुसरं, त्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली, आणि ज्यांना एकाचा त्रास त्यांना दुसऱ्याचाही होऊ शकतो. ते गवत भारतात 1950च्या दशकात पहिल्यांदा आपल्या पुण्यातच नोंदलं गेलं, त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या अंगावर त्याने कधी ना कधी पुरळ आणलेलंच असेल. अशांनी आधी डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना मी आल्याचा चहाच दिला.

इथल्या वैद्यकाप्रमाणे शेवंती थंड गुणाची, म्हणून ज्यांचं पोट नाजूक, ज्यांना सतत गार वाटतं, त्यांनी रोज पिऊ नये. मला हे फेब्रुवारीच्या थंडीत पटलं, त्या महिन्यात आल्याचा तुकडा घालत होते.

पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणी विचारतात, मंडईतून शेवंती आणून घरी वाळवली तर? नका करू. ती फुलं हारांसाठी पिकवतात, त्यांच्यावर फवारणी किती आणि कशाची हे कुणी सांगत नाही, आणि जातही वेगळी. खाण्यासाठी म्हणून विकलेलीच घ्या, पाकिटावर गावाचं नाव बघा आणि आल्या आल्या हुंगून पाहा.

माझ्या डब्यात आता तळाशी मोडक्या पाकळ्या उरल्यात. नवीन तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, तोवर दोन लेउंग हांगबायजू आणीन. कळ्यांचे पैसे परत घालणार नाही.