मागचं अंगण, २० बाय ३० फूट : एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

आधी इथे काळी माती, धुण्याचा दगड आणि गाजरगवत. आता १२ बाय १२ची फरशी, तिच्या कडेनं कट्टा, भाजीचे दोन वाफे आणि उरलेल्या जागेत हिरवळ. जुलै ते मे असा अकरा महिने वापर झाला. पैसा जमिनीखाली घातला तिथे वसूल झाला. वर दिसायला घातला तिथे निम्मा पाण्यात गेला.

फरशी रफ शहाबादी आहे, पॉलिशची नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला की तो तडकणारच. म्हणून ९ इंच माती काढली, ६ इंच मुरूम दोन थरांत पाणी मारून धुमसानं ठोकला, वर २ इंच कच (खडीचा बारीक चुरा) आणि मग फरशी. सांध्यांतही कचच, सिमेंट नाही. उतार घरापासून लांब, १२ फुटांत दीड इंच. भर जुलैतही फरशीवर पाणी थांबलं नाही. फक्त गच्चीचा पन्हाळीचा पाइप सुटतो त्या कोपऱ्यातल्या दोन फरश्या ऑगस्टमध्ये डुगडुगायला लागल्या. उचलल्यावर खाली चक्क पोकळी होती. धारेनं कच वाहून गेला होता. पाइप लांबवून थेट चेंबरात सोडला, कच पुन्हा भरला, त्यानंतर तक्रार नाही. शेवाळं धरतंच. ब्लीचिंग पावडर आणि खराट्यानं निघतं. अ‍ॅसिड मात्र लावू नका, कितीही कुणी सुचवलं तरी: शहाबादी हा चुनखडीचा दगड, अ‍ॅसिड त्यालाच खातं.

कट्टा १६ इंच उंच, १६ इंच रुंद, १२ फूट लांब. सात माणसं आरामात टेकतात, खुर्च्या काढा-ठेवायची कटकट नाही. पश्चिमेचं ऊन लागत असल्यानं एप्रिलमध्ये दगड रात्री आठपर्यंत तापलेला राहतो. माणसं यायच्या तासभर आधी दोन बादल्या पाणी ओतलं की बसवतं. वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट आहे. ती चारही कोपऱ्यांना पक्की आवळली होती आणि वळवाच्या पहिल्याच वावटळीत हुकांसकट उखडली. आता दोन बाजू पक्क्या आणि दोन बाजू सैल दोरीवर, आभाळ भरून आलं की मिनिटात गुंडाळता येते.

वाफे विटांचे, प्रत्येकी १० बाय ३ फूट, सव्वा फूट उंच; कंपाउंडच्या भिंतीपासून ६ इंच सोडून, नाहीतर भिंतीला ओल येते. तळाशी दर २ फुटांवर अर्ध्या इंची पाइपचा तुकडा, पाणी निघायला. दोन्ही मिळून ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास भरणी: चार भाग लाल माती, तीन भाग शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग भाताचं तूस. पहिल्याच पावसाळ्यात माती ३ इंच खाली बसली, त्यामुळे थोडं मिश्रण राखून ठेवा. लाल मातीतून लव्हाळा आला, तो अजून निघतोय. वरचं पातं उपटून उपयोग नाही, खालची गाठ निघाली पाहिजे. पालक, मेथी, अळू, गवती चहा उत्तम. मिरचीला मार्चपासून चुरडामुरडा (पानं आकसून गुंडाळतात). त्यामागे फुलकिडे असतात, निंबोळी तेल संध्याकाळी, लिटरला ५ मिली, ते सुद्धा लवकर सुरू केलं तर.

ठिबकला १६ मिमीची नळी, प्रत्येक वाफ्यात दोन ओळी, फुटाला एक असे एकूण ४० ड्रिपर, ताशी ४ लिटरचे. १५ मिनिटांत ४० लिटर पडतं; मेमध्ये सकाळ-संध्याकाळ, थंडीत एकदाच. पाणी गच्चीच्या टाकीतून येतं, म्हणजे दाब बेताचा. पहिला टायमर सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकानं झडप उघडणारा) होता, तो एवढ्या दाबावर नीट उघडेचना. बॉल व्हॉल्व्हचा (आतला गोळा मोटरनं फिरवून उघडणारा) बदलून घेतला, मग मार्गी लागलं. विकत घेतानाच हे विचारा. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर तुंबतात, म्हणून टोपी उघडणारेच घ्यावेत. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात.

हिरवळ? मेक्सिकन ग्रासचे गालिचे अंथरले. भिंतीच्या सावलीतली पट्टी पावसाळ्यातच पिवळी पडून विरली, उन्हातली टिकली, पण तिला वाफ्यांपेक्षा जास्त पाणी लागतं. सावलीच्या पट्टीत आता मुरुमावर खडी पसरून कुंड्या ठेवल्या आहेत. उरलेली हिरवळही येत्या पावसाळ्यानंतर निघेल.