तीन पेशंट, दोन मजले: जुळ्यांच्या बाळंतपणानंतर सात महिन्यांनी

डिस्चार्जच्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने टॅब पुढे केला होता. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि खाली ‘आपला अनुभव कसा होता?’ टाके ओढत होते, गाडी खाली थांबली होती. मी हसरा चेहरा दाबला आणि सुटले. खरा अभिप्राय आज, सात महिन्यांनी, दोघंही एकाच वेळी झोपलेत म्हणून लिहिते आहे.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पुण्यातलं मध्यम आकाराचं खासगी हॉस्पिटल, एवढं पुरे. आम्ही ते निवडलं तेव्हा काय पाहिलं? खोली स्वच्छ आहे का, संडासात गरम पाणी येतं का, आईला झोपायला बाक आहे का, पार्किंग. एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आहे का, हेही विचारलं. ‘आहे’ म्हणाले, आम्ही मान हलवली. तो कितव्या मजल्यावर आहे, आईला आत कधी आणि किती वेळ सोडतात, आईला घरी पाठवलं आणि बाळ पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) राहिलं तर तिने बसायचं कुठे, यातलं एकही विचारायचं सुचलं नाही. जुळ्यांच्या बाळंतपणात तीन पेशंट असतात आणि ते तिघं एकत्र राहतीलच असं नाही, हे मला कळेपर्यंत मी तिसऱ्या मजल्यावर होते आणि माझा मुलगा पाचव्या.

सुरुवातीचं भराभर सांगते. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर मॅडमनी पहिलं काय पाहिलं असेल तर वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन. आमच्या दोन, वेगळ्या. हे नक्की करायला अकरा ते चौदा आठवड्यांचा काळ सगळ्यात चांगला, पुढे ओळखणं अवघड होत जातं. एकाच वारेवर दोघं असली तर एकाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचा धोका असतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. आमचं दर चार आठवड्यांनी भागलं. मॅडमबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट या सगळ्या प्रकरणात पाचपैकी पाच द्यावेत अशा त्या एकट्याच. तेहेतिसाव्या आठवड्यात पोट दगडासारखं व्हायला लागलं तेव्हा त्यांनी ‘बघू उद्या’ न म्हणता दोन दिवस दाखल करून घेतलं आणि बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली. बाळांच्या फुप्फुसांसाठी. त्या चार टोचण्यांची किंमत पुढे कळली.

पस्तीस आठवडे आणि दोन दिवस झाले त्या रात्री अडीचला पाणी गेलं. पहिलं बाळ पायाळू होतं, त्यामुळे सिझर ठरलेलंच होतं. (पहिल्याचं डोकं खाली असेल तर जुळ्यांचंही नॉर्मल होऊ शकतं, मॅडमनी आधीच समजावलं होतं. ‘जुळं म्हणजे सिझरच’ असं सांगणाऱ्या सगळ्या काकवांना कळवावं.) ऑपरेशन थिएटरमध्ये जत्रा होती. दोन बालरोगतज्ज्ञ, दोन वॉर्मर, दोन सिस्टर हातात हिरवं कापड धरून उभ्या. रक्ताच्या दोन पिशव्या आधीच सांगून ठेवलेल्या, कारण इतकी ताणलेली गर्भपिशवी पटकन आवळत नाही आणि रक्तस्राव जास्त होतो. मला कमरेखाली काही कळत नव्हतं, फक्त कोणीतरी पोटात धुणं धुतंय असं वाटत होतं. सहा बारा झाले, मुलगी. सहा चौदा झाले, मुलगा. मुलगी लगेच रडली. मुलाचं रडणं यायला वेळ लागला. किती, ते मी मोजलं नाही. नंतर नवऱ्याने सांगितलं की त्याने दाराबाहेर उभं राहून भिंतीवरच्या फरश्या मोजल्या.

मुलगी दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम, मुलगा एक किलो सातशे दहा. ती माझ्याकडे, तो वर. स्वतःचा श्वास तो स्वतः घेत होता, नळकांडं लागलं नाही. ती चार इंजेक्शनं इथे कामाला आली असं बाळांचे डॉक्टर म्हणाले. पण साखर खाली आली होती, अंगात ऊब टिकत नव्हती आणि दूध ओढायची ताकद नव्हती. म्हणून पेटी.

आता तक्रारी. पहिल्या दोन दिवसांत मला मुलगा मोबाइलवरच्या फोटोत दिसला. कॅथेटर निघाल्यावर मावशींना विचारलं, तर व्हीलचेअर ‘रिकामी झाली की आणते’. ती संध्याकाळी रिकामी झाली. वर पोचले तर भेटीची वेळ संपलेली. आईला कसली आलीय भेटीची वेळ? मी भेटायला आलेली पाहुणी होते का? दारावरच्या ब्रदरनी नियम दाखवला, आतल्या सिस्टरनी मला पाहिलं आणि स्वतः येऊन दार उघडलं. त्या सिस्टरबद्दल खाली लिहिते.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र मी कुणालाही सोडून देणार नाही. सकाळी आठला एक नवीन सिस्टर आली, मुलीची काविळीची तपासणी जास्त आलीय, निळ्या दिव्याखाली ठेवायला वर न्यायचं आहे म्हणाली. मी नोकरी करते हिशेबखात्यात. कागद हातात आला की आधी तारीख आणि वेळ बघायची, ही खोड जात नाही. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ होती पाच चाळीस. पाच चाळीसला मुलगी माझ्या अंगावर पीत होती, तिच्या पायाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. टाचेवर टोचल्याची खूण नव्हती, चिकटपट्टी नव्हती. नाव मात्र बरोबर: ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव. दोघांचंही तेच नाव! मागे एक की दोन, तो आकडा लेबलावर अर्धा कापला गेला होता. रिपोर्ट मुलाचा होता. ज्याला दिवा हवा होता तो दीड तास दिव्याविना होता आणि जिला नको होता तिला गुंडाळून न्यायची तयारी. सिस्टरने माफी मागितली, लॅबने सिस्टरकडे बोट दाखवलं. मी आईला खाली पाठवून दोन रंगांच्या फाइली मागवल्या, मुलीची पिवळी, मुलाची निळी, आणि प्रत्येक कागदावर पेनने मोठ्ठा १ आणि २ लिहायला लावला. आईने साताऱ्याहून मनगट्या आणल्या होत्या, त्यांचाही प्रस्ताव झाला. एनआयसीयूत चालत नाहीत म्हणून परत डब्यात गेल्या.

पाचव्या दिवशी मला डिस्चार्ज. मुलीलाही. मुलगा आत. पुढच्या सात दिवसांबद्दल मला कुणी आधी सांगायला हवं होतं. एक बाळ घरी, एक पेटीत. घरच्या बाळाला आत नेता येत नाही, आतल्या बाळाला बाहेर आणता येत नाही, आणि दोघांना दर दोन-तीन तासांनी दूध हवं. मी सकाळी आठला मुलीला पाजून, आईकडे देऊन निघायचे, दुपारी तीनला परत. सिझरच्या टाक्यांनी खड्डे मोजत. हॉस्पिटलात माझ्या नावाची खोली आता नव्हती. एनआयसीयूबाहेर प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, त्यांवर आम्ही सहा बायका. दूध काढायला जागा म्हणजे कपडे बदलायची पडदा लावलेली खोपट, आत एक स्टूल आणि भिंतीला खिळा. ओल्या बाळंतिणीला बसायला पाठीची एक खुर्ची देता येत नाही, आणि खाली लॉबीत मात्र कारंजं.

आता त्या सिस्टर. वयाने माझ्याहून लहान, कोल्हापूरकडची बोली. मी वर पोचले त्या दिवशी चीक निघेचना. पंपाची बाटली लावून मी घामाघूम, तळाला ओलसुद्धा नाही. त्यांनी पंप बाजूला ठेवला. ‘ताई, पहिल्यांदा हातानंच काढायचं असतंय. यंत्राला चीक सापडत न्हाई.’ अंगठा वर, दोन बोटं खाली, मागे दाबायचं, मग पुढे आणायचं, घासायचं नाही. स्टीलच्या छोट्या वाटीत थेंब पडायला लागले, पिवळे, मधासारखे घट्ट. वीस मिनिटांत दीड मिली. मला रडू आलं, एवढुशानं काय होणार. त्यांनी ते सिरिंजमध्ये ओढून घेतलं, वाटीच्या कडेला चिकटलेला थेंबही बोटाने ओढला आणि म्हणाल्या, ‘त्याला आज एवढंच लागतंय.’ नळीतून गेलं ते. चौथ्या दिवशी त्यांनीच मुलाला माझ्या छातीवर, कातडीला कातडी लावून, कापडाने बांधून दिलं. कांगारूसारखं. दुपारी मी घरी गेले की नवरा शर्ट काढून तिथे बसायचा. पहिल्या दिवशी तो लाजला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या डोक्यावर हनुवटी टेकून चक्क घोरला. मॉनिटरवर मुलाचे ठोके मात्र संथ, एकसारखे.

नवव्या दिवशी नळी निघाली, बोंडल्याने सुरू झालं. त्याआधी एकदा मला दूध कमी पडलं, तेव्हा रात्रपाळीच्या एकाने डब्याच्या पावडरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, दुकानासकट. दूध कमी पडणं गुन्हा नाही आणि पावडर विषही नाही, पण या देशात 1992 च्या कायद्याने अशा पावडरींच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुन्यांवर बंदी आहे, मग हॉस्पिटलात एकाच कंपनीचं नाव का सुटावं? मातृदुग्धपेढी त्यांच्याकडे नव्हती. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 साली मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात सुरू झाली, आणि त्या लॉबीच्या कारंज्याच्या खर्चात काय काय झालं असतं, असा हिशेब मी त्या खुर्चीवर बसून केला आहे.

बिलाबद्दल. सिझरचं पॅकेज एका बाळाचं होतं. दुसऱ्या बाळाचे डॉक्टर, वॉर्मर, सामान वेगळं. हे आधी विचारा, लेखी घ्या. एनआयसीयूचं भाडं रोजचं, त्यावर सिरिंज, हातमोजे, डायपर निराळे. खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांवर गेलं की पाच टक्के जीएसटी लागतो, एनआयसीयूला लागत नाही. आम्ही साडेचार हजारांच्या खोलीत होतो, तरी पहिल्या बिलात कर होता. दाखवल्यावर काढला. विम्याची मजा वेगळीच. कंपनीच्या पॉलिसीत नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं, पण दोन दावे पाठवल्यावर दुसरा ‘डुप्लिकेट’ म्हणून परत आला. आई तीच, तारीख तीच, हॉस्पिटल तेच! हॉस्पिटलने दिलेले दोन वेगळे जन्माचे दाखले, त्यांवरच्या सहा बारा आणि सहा चौदा या वेळा, आणि तीन फोन, तेव्हा कुठे माझ्या मुलाचं अस्तित्व मान्य झालं. ऑफिसातही एकाने ‘दोन मुलं म्हणजे बाराच आठवडे रजा ना?’ विचारलं होतं. नाही. आधीची दोन मुलं असतील तर बारा. पहिल्याच खेपेला जुळी झाली तर सव्वीस.

एक गोष्ट डिस्चार्ज कार्डावर तळाला बारीक अक्षरात होती आणि तोंडी कुणीच सांगितली नाही: मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. दोन किलोच्या आतल्या बाळांना जन्मापासून महिन्याच्या आत ती करून घ्यायची असते. आमची पंचविसाव्या दिवशी झाली, तीही कोल्हापूरच्या सिस्टरना मी मेसेज केला होता आणि त्यांनी ‘डोळं दाखवलं का?’ विचारलं म्हणून. सगळं ठीक निघालं.

पुन्हा तिथे जाल का, असं मैत्रीण विचारते. तिच्याही पोटात जुळी आहेत. मी तिला म्हटलं, मॅडमसाठी जा, पण आधी पाचव्या मजल्यावर जाऊन त्या खुर्च्या बघून ये, आणि डिस्चार्जनंतर आईला खोली देतात का ते विचार. आता देतात म्हणे, दोन खाटांची. मी नाही पाहिली.

मुलगी आता सात किलोला टेकली आहे, मुलगा सहा दोनशे. माझे बाबा उसण भरली की तिचा पाय कमरेला लावून घेतात, पायाळू म्हणून; सिझरची पायाळू चालते का, यावर घरात दोन मतं आहेत. पुढचा डोस नऊ महिन्यांचा, गोवर-रुबेलाचा. तिथेच नेणार आहे. पिवळी फाइल, निळी फाइल, आणि लेबल चिकटवायच्या आधी मी वाचणार.