कोलंबसच्या मुलांसाठी ‘होप’ शिष्यवृत्ती : पैसे चोख, अटी निसरड्या

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कोलंबस हे चॅटाहूची नदीकाठचे जुने गिरणीगाव आहे. आजची कोलंबस स्टेट युनिव्हर्सिटीसुद्धा १९५८ मध्ये मोजे विणण्याच्या एका जुन्या गिरणीतच सुरू झाली. येथील मुलांना या विद्यापीठाची फी परवडते ती मुख्यतः राज्याच्या ‘होप’ शिष्यवृत्तीमुळे. लॉटरीच्या उत्पन्नातून ती १९९३ पासून दिली जाते. आमच्या मुलीला ती मिळाली असल्याने पुढील मत अनुभवाचे आहे.

व्यवहाराबद्दल तक्रारीला जागा नाही. एक ऑनलाइन अर्ज भरला की रक्कम थेट विद्यापीठाच्या खात्यात जमा होते. शिफारसपत्रे, निबंध, मुलाखत यांपैकी काहीही लागत नाही. पुस्तकांचा खर्च मात्र आपणच करायचा, कारण ती तरतूद २०११ च्या बदलांत गेली.

खरी मेख गुणांच्या हिशोबात आहे. पात्रतेसाठी ४ पैकी ३.० सरासरी हवी, आणि शाळेच्या गुणपत्रिकेवर आमच्या मुलीची सरासरी ३.२ छापलेली असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. शाळेच्या समुपदेशकांनीही काळजी नको असेच सांगितले होते. अकरावीच्या शेवटी राज्याच्या संकेतस्थळावर तिचे खाते उघडले, तर तेथे आकडा होता २.९१. ‘होप’ची सरासरी केवळ इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, परकीय भाषा अशा मुख्य विषयांवर काढतात, बँड आणि व्यायामाच्या तासांना मिळालेले घसघशीत ‘ए’ त्यात धरत नाहीत, आणि ऑनर्स म्हणजे अधिक अवघड पातळीच्या वर्गासाठी शाळेने दिलेले वाढीव गुणही काढून टाकतात. शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या ‘एपी’ विषयांना मात्र अर्धा गुण जादा मिळतो. बारावीत तिने असे दोन विषय घेतले आणि कशीबशी ३.० ची रेषा गाठली. हा आकडा नववीपासूनच दर वर्षी पाहावा, एवढे एक काम पालकांनी स्वतः करावे.

कॉलेजात गेल्यावरही धाकधूक संपत नाही. ३०, ६० आणि ९० क्रेडिट तासांच्या (कॉलेजातील अभ्यास मोजण्याचे एकक) टप्प्यांवर सरासरी पुन्हा तपासली जाते, आणि ३.० च्या खाली घसरलेल्याची शिष्यवृत्ती थांबते. गमावलेली शिष्यवृत्ती एकदाच परत मिळवता येते. पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र हा या बाबतीतला आमच्या घरचा खलनायक होता. पहिला टप्पा ३.०४ वर पार पडला.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. सुरुवातीला या योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा होती, ती पुढे काढून टाकण्यात आली. त्यामुळे खासगी शिकवणी परवडणाऱ्या घरातील मुलाला आणि संध्याकाळी दुकानात काम करून शिकणाऱ्या मुलाला एकाच पट्टीने मोजले जाते. नदीपलीकडील फिनिक्स सिटी अलाबामात असल्यामुळे तेथील मुले पूल ओलांडून रोज कोलंबसमध्ये आली तरी त्यांना ‘होप’ नाही. आपल्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही मदत नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासारख्या पात्र रहिवाशांसाठी आहे. एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर वाढलेले मूल जॉर्जियात बालवाडीपासून शिकलेले असले तरी त्याला ती मिळत नाही, आणि हे अनेकांना बारावीत कळते.

याउलट ‘होप ग्रँट’ ही धाकटी योजना मला अधिक मोलाची वाटते, जरी तिची चर्चा फारशी होत नाही. टेक्निकल कॉलेजातील प्रमाणपत्र किंवा डिप्लोमासाठी ती मिळते. प्रवेशाच्या वेळी शाळेच्या गुणांची अट नसते, पुढे २.० सरासरी राखली म्हणजे झाले. आमच्या शेजारच्या मुलाची आजी गिरणीत चात्यांवर काम करत असे. शाळेत जेमतेम पास झालेला हा मुलगा आता वेल्डिंग शिकतो आहे, आणि आपल्याला अशी काही मदत मिळू शकते हे त्याला प्रवेशाच्या खिडकीवर, खिशातून फीचा चेक काढताना समजले.