वेंगुर्ल्याच्या हवेत घरचा सर्व्हर: डिस्क, यूपीएस आणि कोल्हापूरला जाणारी प्रत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घर किनाऱ्याजवळ असेल आणि घरी नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) बसवायचं मनात असेल, तर पैशांतला पहिला वाटा यूपीएसला द्या, दुसरा दुसऱ्या प्रतीला, आणि उरलेल्यात डिस्क किती टीबीची बसते ते बघा. डिस्क सीगेट कंपनीची की डब्ल्यूडीची हा वाद त्यानंतरचा. यूट्यूबवरचे लोक बरोबर उलटं सांगतात. त्यांच्या घरात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी धरत नसावी.

माझा वेंगुर्ल्यात छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे हे पोटासाठी. हा माल गिऱ्हाइकाला दिला की काही महिन्यांनी पुसला तरी चालतो. जपायचा साठा दशावताराचा, म्हणजे आमच्या जत्रांतल्या रात्रीच्या लोकनाट्याचा. वडील पखवाज वाजवायचे, त्यामुळे जत्रांचा नाद घरातूनच आला. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट उभा राहतो आणि बोलतो. आज जे बोलला ते उद्याच्या जत्रेत तसंच येईल याची खात्री तो स्वतःही देणार नाही. म्हणजे फाइल गेली की तो प्रयोगच गेला.

हिशेब असा. एक कॅमेरा, फुल एचडी, सेकंदाला 50 मेगाबिट. तासाला साधारण साडेबावीस जीबी होतात, पहाटेपर्यंत चाललेलं पाच तासांचं नाटक म्हणजे एकशे बारा जीबीच्या आसपास. 4 टीबीची डिस्क कॉम्प्युटरला 3.6 च दिसते (कंपनी दशमानात मोजते, कॉम्प्युटर 1024 च्या पटीत), तरी तिच्यात तीसेक नाटकं बसतात. फोर-के 100 मेगाबिटने घेतलं तर निम्मी. म्हणून सिनॉलॉजी कंपनीचा दोन खणांचा नॅस, डीएस 223, घेतला आणि त्यात 4 टीबीच्या दोन डिस्क टाकल्या, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. या डब्यात बीटीआरएफएस फाइल सिस्टीम चालते, म्हणजे स्नॅपशॉट मिळतात. चुकून फोल्डर उडवला तर कालचा परत आणता येतो. त्याचा स्वस्त धाकटा भाऊ डीएस 223 जे, त्यात ही सोय नाही. वाचलेल्या पैशांपेक्षा ही सोय मोलाची वाटली.

आता डिस्क. आमच्याकडे दुकानात हार्डडिस्क मागितली की पुढ्यात येते ती सीसीटीव्हीची, जांभळ्या लेबलची डब्ल्यूडी पर्पल नाहीतर सीगेट स्कायहॉक. कारण उघड आहे, आंब्याच्या बागांपासून होमस्टेपर्यंत सगळीकडे कॅमेरे लागलेत आणि खप त्याच डिस्कचा. कुडाळच्या ज्या दुकानातून मी माल घेते तिथल्या काकांनी मात्र मी हात लावायच्या आधीच सांगितलं, "बाय, ह्यो नको. ह्यो कॅमेऱ्याचो. तुका होयो तो मागवून देतंय." गल्ल्यावर बसून समोर आलेलं गिऱ्हाईक चार दिवस थांबवणारा दुकानदार मला आवडतो. कॅमेऱ्याची डिस्क नॅसमध्ये चालतच नाही असं नाही, पण ती बनवलेली असते अखंड लिहीत राहायला. माझं काम वाचण्याचं, शोधण्याचं आणि अधूनमधून दोन्ही डिस्क ताडून बघण्याचं.

घेतल्या त्या एक सीगेट आयर्नवुल्फ आणि एक डब्ल्यूडी रेड प्लस. मुद्दाम वेगवेगळ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात बनलेल्या असतात. दोष असला तर दोघींत असतो आणि दोघी बरोबरच आजारी पडतात. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी, दोन्ही वर्षाला 180 टीबी वाचन-लेखनाच्या बोलीवर विकल्या जातात. घरच्या वापरात आपण तिथवर पोचत नाही. मी घेतल्या तेव्हा एकेक दहा-अकरा हजारांच्या घरात होती. आयर्नवुल्फबरोबर तीन वर्षांची डेटा रिकव्हरी सेवा येते, ती वापरायची वेळ न येवो. आवाजाचं म्हणाल तर आयर्नवुल्फ कुरकुर करते, रेड प्लस गप्प असते. रात्री कौलारू घरात सगळं निजलं की ही कुरकुर माजघरापर्यंत ऐकू येते, आईला पहिल्यांदा घुशीच वाटल्या. तोशिबाची एन 300 पण चांगली म्हणतात, पण ती मिनिटाला 7200 फेऱ्यांची, म्हणजे आणखी गरम आणि आणखी बोलकी. मी तिच्या वाटेला गेले नाही.

दुकानात एकच गोष्ट घोकून जायची असेल तर ही: डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात; एसएमआरमध्ये जागा वाचवायला ते कौलांसारखे एकावर एक चढवून बसवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली आधी उचलावी लागतात. एरवी कळत नाही, पण दोनपैकी एक डिस्क मेली आणि नवी बसवून नक्कल सुरू केली की हा प्रकार अंगावर येतो. चांगल्या 4 टीबी डिस्कला त्या कामाला सात-आठ तास लागतात. एसएमआर असेल तर काम रखडतं, कधी अर्ध्यात तुटतं. 2020 मध्ये डब्ल्यूडीच्या साध्या रेड मालिकेत 2 ते 6 टीबीच्या डिस्क एसएमआर निघाल्या आणि बरीच ओरड झाली; त्यानंतर रेड प्लस हे वेगळं नाव आलं. म्हणून लेबलवर 'प्लस' आहे का ते बघा. मॉडेल नंबरात ईएफएएक्स दिसलं तर ठेवून द्या, ईएफझेडएक्स किंवा ईएफपीएक्स असेल तर घ्या. सीगेटची साधी 4 टीबी बॅराकुडाही एसएमआरच. ती स्वस्त का, ते आता कळलं असेल.

ऑनलाइन मागवू का, असं विचारतात. एका साइटवरून मागवलेली डिस्क मला बुडबुड्यांच्या नुसत्या पाकिटात आली होती, ना खोकं ना स्पंज. परत केली. कुठूनही घ्या, पण बिल देण्याआधी मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे ना ते तपासा. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की कोणी दारात उभं करत नाही. 2025 च्या सुरुवातीला युरोपात तर वापरलेल्या सीगेट डिस्क आकडे शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते (तिला स्मार्ट म्हणतात), तिच्यातले वापराचे तास पुसता येतात, पण सीगेटच्या आतल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत सहसा खरे तास राहतात आणि स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ते वाचता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

विजेचं मात्र सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे डिस्क मरतात त्या म्हातारपणाने कमी आणि विजेने जास्त. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे दोन हंगाम वाईट. वीज जाते, येते, पुन्हा जाते, येताना झटका देऊन येते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हे दुकानातही ऐकायला मिळतं. पण इन्व्हर्टर फक्त वीज देतो. बॅटरी संपत आली हे तो नॅसला कळवत नाही. यूपीएस घेताना पाठीमागे यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का ते बघायचं. अगदी स्वस्त मॉडेलांत बहुधा तो नसतो आणि त्यासाठी थोडे जास्त मोजणं हेच या सगळ्या खरेदीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम. ती केबल सिनॉलॉजीला लावली, सेटिंगमध्ये यूपीएस चालू केला की वीज गेल्यावर ठरवलेल्या मिनिटांनी नॅस लिहिणं थांबवतो, फाइली मिटतो आणि सेफ मोडमध्ये जातो. माझ्या दोन डिस्कच्या डब्याला वीस वॅटदेखील लागत नाहीत. राउटर धरून 600 व्हीएचा यूपीएस अर्धा तास आरामात ओढतो, पण मी पाच मिनिटांवरच ठेवलंय. रात्रीच्या काळोखात वीज परत कधी येईल याचा अंदाज बांधायचं काम मी नॅसवर सोडलेलं नाही. उष्म्यामुळे आतली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, ती सुटी मिळते आणि घरी बदलता येते.

सर्ज प्रोटेक्टरही घेतलाय, पण अर्थिंग धड नसेल तर ती नुसती लांब वायरीची पट्टी. आमची जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये ती इतकी सुकते की अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. वायरमनकडून एकदा तपासून घ्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहा. आणि ढग गडगडायला लागले की सगळं सोडून प्लग काढायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि तिथून लॅन केबलच्या तांब्यावरून सरळ नॅसमध्ये.

दमटपणाबद्दल लोकांची समजूत थोडी उलटी आहे. चालू असलेली डिस्क स्वतःच्या उबेने कोरडी राहते. तिला दमटपणाचा त्रास कमी. त्रास होतो तो कपाटात निजलेल्या डिस्कला. साध्या डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतली हवा त्यातून बाहेरच्या हवेशी दाब जुळवते. आत गाळणी असते, ती धूळ अडवते, पण दमट हवेला कायमची थोपवत नाही. (मोठ्या हेलियमच्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना हे भोक नाही. त्या आमच्या बजेटबाहेर.) शिवाय खारी हवा उघड्या सर्किटच्या तांब्यावर बसते. म्हणून नॅसबाहेर ठेवायची बॅकअप डिस्क मी चारही बाजूंनी क्लिप लागणाऱ्या रबरी कडेच्या डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओल धरली की हिरवं होतं, मंद आचेवर तव्यावर परतलं की पुन्हा नारिंगी. डब्यात काटा पन्नासच्या खाली असला की मला पुरे. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट असेल तर प्रश्नच मिटला. आणि हो, मुंग्या. लाल मुंग्यांना अडॅप्टरची ऊब फार आवडते. नॅसच्या स्टुलाच्या पायांभोवती खडूची लक्ष्मणरेषा ओढलेली आहे.

आता दुसरी प्रत. दोन डिस्कवर एकच गोष्ट असणं म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल उडवली की दोन्हीकडून त्याच क्षणी उडते. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आम्हा स्टुडिओवाल्यांना सोयीचा आहे: प्रती तीन, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडवर सगळं टाकणं मला झेपत नाही. 100 एमबीपीएसची लाइन एकदाही न अडखळता चालली तरी 2 टीबी चढायला चव्वेचाळीस तास लागतात, आणि आमच्या लाइनीचं न अडखळणं तुम्ही बघितलंच असेल. त्यामुळे क्लाउडवर फक्त हिशेब, करारपत्रं आणि वडिलांचे मोजके प्रयोग.

बाकीचं जातं कोल्हापूरला, एसटीने. बहीण तिथे असते. घाटावर हवा कोरडी, आणि समुद्र तिच्या दारात येण्याचा प्रश्न नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे छपरांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. एकाच छपराखाली ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत. दोन पोर्टेबल डिस्क आळीपाळीने फिरतात: गणपतीला बहीण माहेरी येते तेव्हा तिच्याकडची आणते, इथली नेते, शिमग्याला पुन्हा अदलाबदल. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये पासवर्ड लावून प्रत करते, म्हणजे आंबोलीच्या धुक्यात पिशवी कोणाच्या हाती लागली तरी गिऱ्हाइकांची लग्नं उघडी पडत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या दागिन्यांबरोबर ठेवलाय.

या पोर्टेबल डिस्कबद्दल मी फार खूश नाही. अडीच इंची बहुतेक सगळ्या एसएमआर, आणि त्यांच्या रुंद चपट्या यूएसबी पिना सैल पडतात. काहींत तर यूएसबी थेट सर्किटवरच जोडलेली असते. ते फुंकलं की आतली डिस्क दुसऱ्या डब्यात लावून वाचायचीही सोय नाही. साडेतीन इंची डिस्क आणि डॉक (सुटी डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचं स्टँड) हा जास्त भक्कम पर्याय, फक्त त्याला अडॅप्टर लागतो आणि एसटीच्या धक्क्यांत ती जोखीम मला नको. बॅकअप एकदाच लिहायचा असतो, तेव्हा एसएमआरचा संथपणा इथे खपून जातो. एसएसडी का नाही, असं भाचा विचारतो. रोजच्या कामाला घ्यावी, पण झिजलेली एसएसडी वीज न देता उन्हाळ्यात माळ्यावर वर्षानुवर्षं टाकून ठेवायची वस्तू नव्हे.

अदलाबदलीच्या दिवशी एक काम चुकवत नाही: आलेल्या डिस्कवरून कुठलंही एक नाटक परत उतरवायचं आणि मध्येच कुठेतरी लावून बघायचं. आवाज, चित्र, दोन्ही. सोबत नॅसमध्ये स्मार्टचे तीन आकडे: बदललेले सेक्टर (खराब झाले म्हणून डिस्कने बाद केलेले माहितीचे कप्पे), वाट बघणारे सेक्टर (संशयित कप्पे) आणि सीआरसी चुका (डिस्क आणि डबा यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या). पहिले दोन शून्यावरून हलले तर नवी डिस्क मागवायची, तिसरा वाढला तर आधी डिस्क काढून नीट बसवून बघायची.

खण भरत आलेत, म्हणून काकांना 8 टीबीची विचारणा केलीये. दोन्ही एकदम घेणार नाही. आधी रेड प्लस काढून तिथे नवी बसवायची, नक्कल पुरी होऊ द्यायची, आणि दिवाळीच्या धंद्यानंतर दुसरी. दुसरी बसल्याशिवाय वाढलेली जागा दिसत नाही, हे काकांच्या पोराला मीच सांगितलं. निघालेल्या 4 टीबीच्या दोघी डॉकमध्ये जातील, घरातल्या प्रतीसाठी. डॉक 12 व्होल्टचा आणि स्वतःच्या अडॅप्टरचा हवा, तेवढं चिठ्ठीवर लिहून दिलंय.