सिमांडलचं डबल बेसचं पुस्तक: रुक्ष आहे, तरी घ्या

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य, शिकायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी फ्रान्झ सिमांडलचं 'न्यू मेथड' हे शिकवणीचं पुस्तक, भाग पहिला, आणायला सांगतात. शंभराहून जास्त वर्षं हेच चालू आहे. मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका हौशी वाद्यवृंदात वाजवते. सोलोची हौस नाही. मागच्या ओळीत उभं राहून सुरात वाजवता आलं की झालं. तेवढ्यासाठी याहून बरं पुस्तक मला तरी सापडलेलं नाही.

याचं कारण लिहिणाऱ्याच्या नोकरीत आहे. सिमांडल बोहेमियातल्या (आता चेकियात) ब्लाटनाचा, जन्म १८४०. प्राग कॉन्झर्वेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, शिकला आणि पुढे व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात मुख्य बेसवादक झाला. तिथल्या कॉन्झर्वेटरीत त्याने १८६९ ते १९१० शिकवलं. बेसवादक आणि संगीतकार आडोल्फ मिशेक त्याचाच विद्यार्थी. एकीकडे ऑपेराच्या पिटमधली (रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातली) नोकरी, दुसरीकडे त्याच नोकरीसाठी पोरं तयार करणं. त्यामुळे पुस्तकात लाडीगोडी नाही. उद्या समोर येईल ते पान वाजवता आलं पाहिजे, एवढाच हिशोब.

डाव्या हाताचा नियम एकच: पहिलं, दुसरं आणि चौथं बोट. तिसऱ्याने चौथ्याला टेकू द्यायचा. सुरुवातीला हा हट्ट वाटतो. पण तार सुमारे १०५ सेंटीमीटर लांब, आणि नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पहिला अर्धा सूर जवळजवळ ६ सेंटीमीटरवर. अख्खा पंजा ताणला तरी हाताखाली एकच पूर्ण सूर मावतो. म्हणून ई तारेवर हाफ पोझिशनला, म्हणजे नटला लागून असलेल्या हाताच्या जागी, एफ, एफ शार्प, जी. मग हात अर्धा सूर सरकवून एफ शार्प, जी, जी शार्प. असं करत करत वर. हे पाठ झालं की बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतल्या स्केर्झोचा (तिसऱ्या भागाचा) ट्रिओ, म्हणजे त्याचा मधला तुकडा, आवाक्यात येतो. तिथे चेलो आणि बेसच सुसाट सुरू होतात, लपायला जागा नसते. हौशी ऑर्केस्ट्रात निम्मे बेसवाले त्या जागी नुसता बो (गज) हलवतात, हे मी शेजारी उभी राहून पाहिलंय.

आता तक्रारी. हाफ पोझिशनची पानं संपता संपत नाहीत. लहान मुलाच्या हातात हे देऊ नका, दुसऱ्या आठवड्यात बेस कोपऱ्यात जाईल. जॅझसाठी किंवा बोटांनी छेडून वाजवण्यासाठी यात फारसं काही नाही. शिवाय १-२-४ हा काही एकमेव मार्ग नव्हे. इटालियन परंपरेत १-३-४ चालतं, आणि फ्रान्स्वा राबाथ या बेसवादकाने तर अख्खा फिंगरबोर्ड सहाच पोझिशनमध्ये बसवला. माझ्या छोट्या पंजाला मात्र सिमांडलच मानवला.

माझे सर गोव्याचे. पॅरिश शाळेत नोटेशन शिकून मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत वाजवलेले. त्यांचा सल्ला या पुस्तकाइतकाच कामाचा: "ट्यूनर बंद कर, तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव आणि त्यावर वाजव." सिमांडलचे कोरडे स्वराभ्यास तानपुऱ्यावर चक्क ऐकावेसे वाटतात, आणि सूर कुठे घसरला ते ट्यूनरचा काटा न बघता कळतं.

सिमांडल १९१२ मध्ये गेला, त्यामुळे जुनी आवृत्ती आयएमएसएलपी या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट आणि कायदेशीर मिळते. मी तरी छापील घेतली; त्यातले बोटांचे आकडे ठसठशीत आहेत. फक्त माझी प्रत स्टँडवर उघडी राहीना, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतली. दुसरा भाग सोलोवाल्यांसाठी. तो मी घेतलेला नाही, इतक्यात घेणारही नाही.

पाचपैकी चार.