क्राऊन ग्राफिक ४×५: मंगल कार्यालयात किती उपयोगी?

लग्नात शीट फिल्म (एका फोटोला एक अशी ४×५ इंची सुटी फिल्म) वापरायची असेल तर ग्राफ्लेक्स कंपनीचा क्राऊन ग्राफिक कॅमेरा घ्यावा. त्याला रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस जुळवणारी खिडकी) असल्याने तो हातात धरूनही फोकस करता येतो. १९४७ ते १९७३ या काळात तो बनला, त्यामुळे आज मिळणारा प्रत्येक नग जुनाच. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या (लेन्समागच्या घड्यांच्या भात्याच्या) आत टॉर्च लावून घड्यांच्या कोपऱ्यांतून प्रकाश गळतो का ते तपासा. मग टेपने दोन मीटर मोजून रेंजफाइंडर आणि ग्राउंड ग्लास (मागची फोकस पाहायची दुधी काच) जुळतात का ते पाहा. लेन्स बदललेली असेल तर इथेच घोळ निघतो, कारण रेंजफाइंडर ठरावीक फोकल लेंग्थसाठी जुळवलेला असतो. फ्लॅशचं सिंक (फ्लॅश आणि शटरची वेळ जुळवणारी सोय) एक्सवर ठेवा. एमवर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच चमकून जातो आणि शीट कोरी निघते.

अंतरपाट दूर होतो त्या क्षणी या कॅमेऱ्याची मर्यादा कळते. १३५ मिमी लेन्स एफ ४.७ वर उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो घेतला तर जेमतेम २० सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. नवरीवर फोकस असेल तर मागे उभा मामा धूसर. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ ११ वर आणलं तर ती अर्धा मीटर होते, पण मग फ्लॅश हवाच. होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक शीट बसणारी चपटी पेटी) उलटून दुसरी शीट घेईपर्यंत अक्षता पडून हार घातले गेलेले असतात. म्हणून या क्षणाला एकच शीट आहे असं धरा आणि ‘शुभमंगल सावधान’च्या आधीच डार्क स्लाइड (शीटवरचं प्रकाश अडवणारं सरकतं झाकण) काढून ठेवा.

खरी कमाई आप्तांच्या ग्रुप फोटोत आहे. ३५ मिमीच्या सुमारे १५ पट क्षेत्रफळाच्या निगेटिव्हमध्ये शेवटच्या रांगेतल्या आजींचा चेहराही नीट येतो. साडेचार मीटरवरून सुमारे चार मीटर रुंदी बसते. एफ १६ वर तीन रांगा सहज स्पष्ट येतात. ४०० आयएसओच्या फिल्मवर त्यासाठी गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा, १०० आयएसओवर मीटरमध्ये दिलेला आकडा) ३६ चा फ्लॅश पुरतो, मात्र थेट मारलेला. कॅमेऱ्याजवळ ठेवला तर मागची रांग जवळपास एक स्टॉप (म्हणजे निम्म्या प्रकाशाने) अंधारी येते, त्यामुळे जास्त ताकदीचा फ्लॅश असेल तर तो मागे नेऊन उंच लावा.

सगळ्यात जास्त शीट वाया जातात त्या क्रम चुकल्यामुळे. ग्राउंड ग्लासवर पाहून झालं की आधी शटर बंद, मग अ‍ॅपर्चर, मग शटर कॉक (ताणून तयार), मग होल्डर, शेवटी डार्क स्लाइड. उघड्या शटरवर स्लाइड ओढली की शीट गेली. फोटो झाल्यावर स्लाइडची काळी बाजू बाहेर ठेवून ती परत घाला. पांढरी बाजू म्हणजे कोरी शीट. घाईत हे उलट झालं की एकाच शीटवर दोन फोटो.

मेंदीचे हात अर्ध्या मीटरवरून घेताना बेलोज लांबतो आणि जवळपास एक स्टॉप प्रकाश कमी पडतो. तो मोजा, रेंजफाइंडर सोडून ग्राउंड ग्लासवर फोकस करा आणि कॅमेरा तिवईवर ठेवा. कृष्णधवल फिल्मवर लाल शालू आणि हिरवा चुडा बऱ्याचदा सारख्याच करड्या छटेचे दिसतात, म्हणून प्रकाश बाजूने घ्या, जरीकाम उठून दिसतं.

पुण्यात मे महिन्यात नळाचं पाणी २० अंशांच्या बरंच वर असतं. एचपी ५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म आयडी ११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न मिसळलेल्या) द्रावणात साडेसात मिनिटं डेव्हलप करायची तर टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान आधी २० वर आणा. चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून फिल्म भरायच्या अंधाऱ्या पिशवीत) शीट भरताना घामेजलेली बोटं इमल्शनला (शीटच्या प्रकाश टिपणाऱ्या थराला) लागली की डाग कायमचा, म्हणून होल्डर पहाटेच्या गारव्यात भरून ठेवा.