सेफ क्लस्टरमध्ये वापरलेल्या डिस्क घातल्याला काही महिने झाले. तक्रार अजून ट्रेबद्दलच आहे

गेल्या आठवड्यात रात्री एक एसएसडी मेली. अलर्ट बघितला, कूस बदलली आणि झोपलो. नऊ महिन्यांपूर्वी अशीच एक गेली होती, तेव्हा पहाटेपर्यंत जागा होतो. मधल्या काळात काय केलं ते लिहितोय. खर्च कमीत कमी ठेवायचा होता, हे आधीच सांगून टाकतो.

सेटअप नेहमीचाच. प्रॉक्समॉक्सचे (आभासी संगणक चालवणारी प्रणाली) तीन नोड म्हणजे सर्व्हर, त्यावर सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा करणारं सॉफ्टवेअर), प्रत्येक नोडमध्ये 1.92 टीबीच्या चार एसएसडी आणि सगळ्याच्या तीन प्रती. कागदावर 23 टीबी, तिनाने भागल्यावर 7.68. आणि तेवढीही वापरायची नसते, हे मला पहिली डिस्क मेल्यावर कळलं. तीन नोड, तीन प्रती म्हणजे प्रत्येक नोडवर एकेक प्रत असणारच. त्यामुळे मेलेल्या डिस्कवरचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तिघींवर चढतो, शेजारच्या नोडमध्ये कितीही जागा असली तरी. आमच्या डिस्क 71 टक्के भरलेल्या. चौघींचं ओझं तिघींवर म्हणजे जवळपास 95 टक्के. सेफ 85 ला कुरकुरतं, 90 च्या वर त्या डिस्कवर बॅकफिल (दुसरीकडून हलवलेला डेटा) घेत नाही आणि 95 ला लिहिणंच बंद करतं. आमची गाडी 90 ला अडकली. डेटा दोन प्रतींवर तरला, पण नाव सेफ असलं म्हणून माणूस सेफ नसतो.

हिशेब साधा आहे. नोडमध्ये चार डिस्क असतील तर 64 टक्क्यांपर्यंतच भरा, म्हणजे एक गेली तरी उरलेल्या 85 च्या आसपास राहतात. सहा असतील तर हीच रेघ 70 च्या जरा पुढे सरकते. म्हणून मोठ्या चार घेण्यापेक्षा त्याच मापाच्या दोन-दोन वाढवणं मला पटलं.

विक्रेत्याचं म्हणणं, चौथा नोड घ्या. एक अख्खा नोड गेला तर तिसरी प्रत बांधायला चौथा उपयोगी पडतो, हे मान्य. पण त्याबरोबर प्रोसेसर, मेमरी, स्विचवरचे पोर्ट हे सगळं विकत घ्यायचं, आणि आमचे प्रोसेसर भरदुपारी जांभया देतात. मला जागा हवी होती, सर्व्हर नको होता. इरेजर कोडिंगचा 2+1 (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे दोन तुकडे आणि एक पॅरिटीचा) पण वाचून बघितला. दीडपटीत काम होतं खरं, पण एक नोड रीबूटला टाकला की पूल, म्हणजे अख्खा साठा, थांबतो. नको.

पहिली जागा फुकट मिळाली. बऱ्याच व्हीएमच्या (आभासी संगणकांच्या) डिस्कवर डिस्कार्डची (मोकळी झालेली जागा सेफला कळवण्याची) खूण केलेलीच नव्हती, त्यामुळे आत फाइल उडवली तरी सेफला त्याचा पत्ता नाही. खूण केली, व्हीएम बंद करून चालू केल्या, मोकळी जागा कळवणारी एफस्ट्रिम आज्ञा चालवली, कोणीतरी ‘अपडेटच्या आधी’ नावाने ठेवलेले स्नॅपशॉट उडवले. 71 वरून 62 वर आलो. हे आधी का केलं नाही, असं कृपया विचारू नका.

मग मोह झाला. घरगुती संगणकाच्या दोन एसएसडी आणून एका नोडमध्ये लावल्या आणि पहिल्या महिन्यात दोघा-तिघांना सांगितलंही की चालतं की मस्त! ते शब्द परत घेतो. एक तर मोकळ्या जागेचा आकडा हललाच नाही. प्रत्येक नोडवर एक प्रत, म्हणजे सगळ्यात लहान नोड जेवढा तेवढाच पूल. दुसरं, या डिस्कमध्ये वीज गेल्यावर सांभाळणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक सिंक राइटला (‘आत्ताच पक्कं लिही’ अशा लेखनाला) त्या खरोखर फ्लॅशपर्यंत जाऊन येतात. ‘सेफ ओएसडी पर्फ’मध्ये (डिस्कचा विलंब दाखवणारी आज्ञा) आधीच्या डिस्क 1-2 मिलिसेकंद आणि या दोघी 50 च्या आसपास. तिन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय सेफ होकार देत नाही, म्हणजे या दोघींपायी सगळ्यांची चाल मंद. काढल्या आणि लॅपटॉपमध्ये घातल्या. तिथे सुखात आहेत.

शेवटी वापरलेल्या एंटरप्राइझ सॅस एसएसडी घेतल्या, सहा नग, नोडमागे दोन. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) झीज दहा टक्क्यांच्या आत. लावल्या तर त्यातल्या चार शून्य आकाराच्या! कुठल्यातरी स्टोरेज अ‍ॅरेमधून निघालेल्या, सेक्टर 520 बाइटचे. एसजी_फॉरमॅट या आज्ञेने 512 वर आणल्या. तेव्हापासून एकदाही कुरबूर नाही. हिशेबात न धरलेला खर्च मेमरीचा: प्रत्येक ओएसडी (डिस्कमागे एक चालणारा सेफचा प्रोग्राम) डीफॉल्टने 4 जीबी धरून बसतं, म्हणजे नोडमागे 8 जीबी व्हीएमच्या हातून गेले.

आता ट्रे. सर्व्हरला आठ खण, चार भरलेले, चारांत प्लॅस्टिकचे ठोकळे. दिसायला हुबेहूब ट्रे, ओढला की पोकळ. खण विकले, पण त्यात डिस्क बसवायचा पत्रा वेगळा घ्यायचा! सहा मूळ ट्रेच्या भावात मला आणखी दोन डिस्क आल्या असत्या. म्हणून नकली घेतले. बसले नीट, फक्त दिवा पुढे आणणारी पारदर्शक पट्टी त्यात नव्हती. मनात म्हटलं, दिवा कोण बघतो.

गेल्या आठवड्यात मी बघत होतो. रात्रीतून सेफने पाच डिस्कवर सगळं स्वतःच सावरलं होतं, 75 टक्क्यांच्या आत. सकाळी आरामात गेलो, मेलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकवायची आज्ञा दिली आणि समोर अंधार. अंदाजाने ओढली ती शेजारची, जिवंत. बाकीच्या प्रती दुसऱ्या दोन नोडवर होत्या म्हणून निभावलं. शिवाय डिस्क गेली असं ठरवून डेटा हलवायला सुरुवात करण्याआधी सेफ 600 सेकंद थांबतं. मी दोन मिनिटांत परत खोचली, ओएसडी पुन्हा चालू केलं, थोडं सावरणं झालं आणि हिरवं.

सहा मूळ ट्रे मागवलेत, पूर्ण भावाने. ते येईपर्यंत नकली ट्रेवर मार्करने सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक लिहून ठेवलेत.